मदत हवी आहे : ओटीपोटाचं जुनं दुखणं स्नायूंचं निघालं, पण फिजिओथेरपी गावापासून फार लांब

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. वय ३४, दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. घरची कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. थोडं सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं की लोक 'गॅस असेल' म्हणून सोडून देतात.

बेंबीच्या खाली, जास्त करून डाव्या बाजूला, आतून ओढ लागल्यासारखं दुखतं. धाकट्याच्या बाळंतपणानंतर सुरू झालं. बसून राहिलं की वाढतं. लघवीला जळजळ होत नाही, पण पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही, लगेच पुन्हा जावंसं वाटतं. शौचाला जोर करावा लागतो. पाळीत दुखणं वाढतं आणि पाळी संपली तरी थांबत नाही. नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की अंग आधीच आखडतं. ते समजूतदार आहेत, पण त्यांनाही कळत नाही की हे नेमकं काय आहे.

सोनोग्राफी, लघवीचं कल्चर, रक्त, पुढे सीटी स्कॅन, सगळं नॉर्मल. दरवेळी अँटिबायोटिक मिळालं. जिल्ह्याच्या ठिकाणी एका खाजगी डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी काढून टाका. सासूबाईंचंही तेच. "अवं, काढून टाक ना पिशवी. माही काढली, काई झालं काय मले?" पण पिशवीत दोष दिसत नसताना ती का काढायची, हे मला कोणी समजावून सांगितलं नाही, म्हणून मी नकार दिला.

मग वर्ध्याकडे एका मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या मॅडमनी मला उताणं झोपवून डोकं उचलायला लावलं आणि पोट दाबलं. नंतर माझी परवानगी घेऊन एका बोटाने आतून तपासलं. डाव्या बाजूला एका जागी बोट लागलं आणि मी ओरडलेच, "हेच, हेच दुखतं माझं!" इतक्या तपासण्यांत पहिल्यांदा कोणीतरी दुखण्याच्या जागेवर बोट ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडून बसलेत, ढिले पडतच नाहीत. फिजिओथेरपी लागेल, दर आठवड्याला या. रात्री घ्यायला अमिट्रिप्टिलिनची (जुनं दुखणं कमी करणारी) लहान गोळी दिली.

अडचण इथेच आहे. एसटीने यवतमाळ, तिथून बदलून वर्धा, परत यायला रात्र. त्या दिवसाची मजुरी जाते ती वेगळीच. कापूस वेचणी चालू आहे, कमरेला ओटी (वेचलेला कापूस टाकायची झोळी) बांधून दिवसभर वाकायचं. शेतात आडोसा नसतो, म्हणून आम्ही बाया पाणीच कमी पितो आणि लघवी दुपारपर्यंत दाबून ठेवतो. यानेच दुखणं वाढतं असं मला वाटतं.

विचारायचं ते असं. दर आठवड्याला जाणं जमत नसेल तर घरी काय करता येईल? यूट्यूबवर सगळीकडे खालचे स्नायू आवळायचा व्यायाम दाखवतात, तो करू का? गोळीने झोप लागते पण तोंड कोरडं पडतं आणि मलावरोध वाढलाय, ती बंद करू का? आणि घरच्यांना हे समजेल असं कसं सांगू? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा.

पळसफूल (प्रतिसाद)

ताई, मी चंद्रपूर जिल्ह्यातली. माझं अगदी असंच होतं, दुखणं तेवढं उजव्या बाजूला. मला अपेंडिक्सचं ऑपरेशन करायला सांगत होते. आवळायचा व्यायाम मी महिनाभर नेटाने केला आणि दुखणं दुपटीने वाढलं. तो थांबवून सैल सोडायचे व्यायाम सुरू केले तेव्हा हळूहळू फरक पडला. पूर्ण गेलं नाही, पण आता मी एसटीत बसून नागपूरला जाऊ शकते. तुम्ही नकार दिलात ते फार चांगलं केलंत.

फिजिओ, वर्धा जिल्हा

ताई, मी बायकांच्या याच तक्रारींवर काम करते. तुम्हाला न तपासता उपचार सांगता येणार नाही, पण तुमचं निदान आधीच झालंय, त्यामुळे घरी काय सांभाळायचं ते लिहिते.

बाजेला सुतळी विणलेली असते तसे हे स्नायू पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत विणलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या स्नायूंवर टेकलेले असतात. लघवी-शौचाच्या वेळी त्यांनी सैल व्हायला हवं. तुमचे होत नाहीत, म्हणून लघवी अडखळते, शौचाला जोर लागतो आणि पोटापर्यंत कळ जाते. सैल पडलेल्या स्नायूंना, म्हणजे खोकताना लघवी सुटते अशा बाईला, आवळायचा व्यायाम उपयोगी आहे. तुम्हाला नाही. तो आत्ता करू नका.

तुमचा मुख्य व्यायाम श्वासाचा. उताणं झोपा, गुडघे वाकवा, एक हात पोटावर. नाकाने श्वास घ्या, पोट फुगू द्या, आणि त्याच वेळी खालचा भाग सैल खाली सुटतोय असं जाणवू द्या. श्वास सोडताना काही आवळायचं नाही. सकाळी आणि झोपताना दहा-दहा मिनिटं. त्यानंतर बालासन, म्हणजे गुडघ्यांवर बसून पुढे वाकायचं आणि कपाळ जमिनीला टेकवायचं, आणि उताणं झोपून दोन्ही तळवे जुळवून गुडघे बाजूला सोडायचे, खाली उशा घ्या. दुखेल इतकं ताणू नका. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ओटीपोटावर पंधरा-वीस मिनिटं.

एक गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते : परकराचा नाडा. घट्ट गाठीने पोट फुगतच नाही, श्वास छातीतच राहतो आणि खालचे स्नायू दिवसभर ताठ राहतात. नाडा सैल बांधा, गाठ बेंबीवर नको. वेचणीत ओटी गच्च भरू देऊ नका, अर्धी झाली की रिकामी करा. तिचा सगळा भार ओटीपोटावर येतो. कमरेतून वाकून राहण्यापेक्षा अधूनमधून उकिडवं बसा, तासाभराने उभं राहून दोन-चार लांब श्वास घ्या.

लघवीचं तुम्ही ओळखलंत ते बरोबर आहे. दाबून ठेवायला हेच स्नायू आवळावे लागतात. पाणी कमी प्यायल्याने लघवी घट्ट होते, मूत्राशय चिडतं, मलावरोधही वाढतो. पाणी प्या, तीन-चार तासांनी जा. घाई न करता पूर्ण बसून करा, जोर लावू नका. उगाच 'जाऊन येते' म्हणून दर अर्ध्या तासाला जाणंही नको. दोन-तीन जणी मिळून जुनं लुगडं धरून आडोसा केला तर सगळ्यांचीच सोय होईल.

गोळी मनाने बंद करू नका. तोंड कोरडं पडणं आणि मलावरोध हे तिचे ठाऊक असलेले परिणाम आहेत. मलावरोधामुळे तुमचं मूळ दुखणंच वाढतं, म्हणून डॉक्टरांना लवकर कळवा, मात्रा किंवा गोळी बदलता येते. तोवर रात्री इसबगोल, भरपूर पाण्यासोबत.

पिशवीबद्दल : गर्भाशय काढलं तरी हे स्नायू तिथेच राहतात. सोबत बीजकोश काढले तर चौतिशीतच पाळी गेल्याचे परिणाम सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात. मात्र पाळीत दुखणं वाढतं हे मी सोडून देणार नाही. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, सोनोग्राफीत बरेचदा दिसत नाही आणि या स्नायूंच्या दुखण्यासोबत असू शकतो. तिथल्या मॅडमना तसं विचारा.

ताप, दोन पाळ्यांच्या मधे रक्तस्राव, लघवीत किंवा शौचात रक्त, वजन घटणं, जांघेत बधिरपणा किंवा लघवी पूर्ण अडणं, यातलं काहीही झालं तर वाट न पाहता दवाखान्यात जा.

निंबोणी

सासूबाईंसाठी एक सांगते. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती, १९८९ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. आपल्याच भागातल्या बायकांचं हे. तुमच्या सासूबाईंनीही कित्येक वर्षं अंगावर काढलं असेल. त्यांना 'तुम्ही चुकताय' म्हणण्यापेक्षा त्यांचं काय काय दुखायचं ते विचारा, मग तुमचं सांगा. माझ्या घरी असंच जमलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नाडा आणि ओटीचं वाचून लगेच पटलं. सासूबाईंशी बोलले. त्यांना पिशवी काढल्यावरही कमरेत तशीच कळ यायची, हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. आता त्या वर्ध्याला सोबत येतो म्हणतात. फिजिओ ताई, शेवटचं विचारते : दर आठवड्याला नाही, पण महिन्यातून एकदा आले तर उपयोग होईल का? आणि आतून हाताने उपचार करतात त्याची भीती वाटते.

फिजिओ, वर्धा जिल्हा

नक्की होईल. रोजचा श्वास आणि ताण तुमच्या हातात आहे, आमच्याकडे फक्त ते नीट होतंय का हे बघायचं. वेळ मात्र लागतो, दोन-तीन महिने धरून चाला. आतले उपचार तुमची परवानगी असेल तरच, बाई फिजिओथेरपिस्टकडून, आणि मधेच 'थांबा' म्हणालात की थांबायचं. पहिल्या भेटीत नको वाटलं तर बाहेरून पोट, मांड्या आणि कमरेवर काम करता येतं. तुमच्या एसटीच्या रस्त्यावर वर्ध्याच्या अलीकडे सावंगी लागतं, तिथे मोठ्या हॉस्पिटलसोबत फिजिओथेरपीचं कॉलेज आहे. ते जवळ पडत असेल तर आधी फोन करून विचारा, पेल्विक फ्लोअरचं काम करणारी बाई कोणत्या दिवशी असते. जाताना जुने सगळे रिपोर्ट आणि गोळीची चिठ्ठी घेऊन जा.