बिल आपणच करायचं, मग दारावर झडती कसली?

साखळीची सून
परवा इथे एका शहाण्याने लिहिलं, "ज्यांना कपड्यांच्या दुकानात मशीनवर आपलं आपण बिल करता येत नाही त्यांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जावं, मागच्यांचा वेळ खाऊ नये." दोन दिवस गिळून बसले होते. आता लिहितेच.

म्हापशाला मी जातेच. मिरच्या, केळी, चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणि त्याच फेरीत नवऱ्याच्या लुंग्या. त्यात कमीपणा कसला ते मला आजवर कळलेलं नाही. पण चवथीचे कपडे भुरग्यांना मॉलमधलेच लागतात, म्हणून गेलो पर्वरीला.

तीन टीशर्ट, एक कुर्ता. मशीनच्या खळग्यात टाकले. पडद्यावर पाच नग. बाहेर काढले, झटकले, पुन्हा टाकले. पाच. मागे रांग, माझ्या कपाळावर घाम. मदतीला ठेवलेली मुलगी एकटी, मशीनं सहा, आणि सहाही ठिकाणांहून "मॅडम, मॅडम". शेवटी कळलं की पाचवा नग धाकट्याच्या मुठीत होता. मोज्यांची जोडी. साहेब खळग्यावर हात टेकून उभे होते.

पैसे भरले. दारावर वॉचमनने पिशवी उघडायला लावली, नग मोजले, बिलावर पेनाने टिकमार्क केली. हिशेब मी करायचा, घडी मी घालायची आणि वर चोर पण मीच! घरी येऊन बघते तर कुर्त्याला तो कडक प्लास्टिकचा टॅग तसाच. मशीनशेजारच्या भोकात दाबून काढायचा असतो म्हणे. दार वाजलं नाही, वॉचमनला दिसला नाही. मग टिकमार्क कशाची केली त्याने?

आता तो काढून आणायला साखळीहून पुन्हा पर्वरी. अर्धा दिवस गेला.

पर्वरीचो पात्रांव
तो शहाणा मीच. म्हणजे मशीनचं बरोबर होतं आणि तुमचं चुकलं. धागा इथे संपायला हरकत नाही.

तरी सांगतो. त्या कपड्यांच्या लेबलात आरएफआयडी चिप असते, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणारी. प्रत्येक नगाचा नंबर वेगळा आणि सगळे एका दमात वाचले जातात, किराणा दुकानातल्यासारखा एकेक बारकोड दाखवत बसावं लागत नाही. डिकॅथलॉन, युनिक्लोवाले हे कधीपासून करतात. गेल्या चवथीला मी माणसाच्या काउंटरवर पाऊण तास उभा होतो. पुढच्या बाईंना कूपन सापडत नव्हतं, मग नवऱ्याचा फोन लागत नव्हता, मग रंगच बदलून हवा होता.

फोंडेकर
मशीनला माझी हरकत नाही, ते मोबाइल नंबर मागतं त्याला आहे. नंबर घातल्याशिवाय पुढचा पडदाच येत नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना सांगितलं की नंबरासाठी गिऱ्हाईक अडवू नका. सांगून काय उपयोग? काउंटरवर पोरगा असायचा तेव्हा मी म्हणायचो, "नंबर देत नाही, काय करशील?" तो हसायचा आणि कुठलातरी नंबर ठोकून मोकळा व्हायचा. मशीनशी हुज्जत घालून दाखवा.

पिशवीचं तेच. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सांगितलं आहे, आधी न कळवता बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित प्रथा. मशीन पिशवीचं विचारतं कधी? सगळं झाल्यावर, पैसे भरायच्या आधी. तेव्हा काय कपडे डोक्यावर घेऊन जायचे?

पर्वरीचो पात्रांव
घरून पिशवी न्या, फोंडेकर. म्हापशाला नेता ना?

पेडणेची
मी मशीनच्या बाजूची. कारण सरळ आहे. अंतर्वस्त्रं घेताना काउंटरवर वीस-बावीस वर्षांचा मुलगा, तो ती दोन बोटांनी उचलून उलटीपालटी करून बारकोड शोधतो, मागे चार पुरुष उभे. पंधरा वर्षं हे केलं. आता खळग्यात टाकते, पैसे भरते, निघते. जुन्या दुकानातल्या आपुलकीच्या गप्पा मला सांगू नका. "ताई, ही साइझ तुम्हाला होणार नाही" हे दुकानभर ऐकू जाईल असं सांगणारी आपुलकी मी पुष्कळ भोगली.

साखळीची सून
पेडणेची, हे मला सुचलं नव्हतं. मान्य. वॉचमनने तीच पिशवी दारात उघडली तर?

पेडणेची
उघडली होती. मीही त्याच्याकडे रोखून बघत राहिले. परत कधी उघडली नाही.

डिचोलीकर
माझे वडील ७४ वर्षांचे. खिशात रोख रक्कम, मशीनला चालतं कार्ड नाहीतर यूपीआय. रोखीचा काउंटर कुठे म्हणून विचारलं, तर कोपऱ्यात एक, त्यावर "बंद" ची पाटी. बाबांनी शर्ट गुपचूप घडी करून जागेवर ठेवला आणि म्हणाले, "चल, नको." तो शर्ट त्यांना आवडला होता. एवढंच लिहायचं होतं.

अस्सल म्हापसेकर
मूळ प्रश्न कुणाच्या लक्षातच येत नाही. पडद्यावर भाषा कुठल्या? इंग्रजी आणि हिंदी. गोव्यात मराठी नको? डिचोलीकरांच्या बाबांना मराठीत दोन ओळी दिसल्या असत्या तर ते असे परतले नसते.

डिचोलीकर
अहो, परतले ते रोख घेत नाहीत म्हणून.

मडगावकार
मराठी? राजभाषा कोंकणी आहे. १९८७ चा कायदा आधी वाचून यो, मग पाटी माग.

अस्सल म्हापसेकर
वाचलाय. त्याच कायद्यात शासकीय कामाला मराठीही वापरायची सोय आहे. अर्धाच कायदा वाचायची तुमची खोड जुनी.

मडगावकार
मोजे विकणं हे शासकीय काम कधीपासून झालं?

पर्वरीचो पात्रांव
कोंकणी म्हणजे नागरी लिपीतली की रोमी, म्हणजे रोमन लिपीतली? कायद्यात नागरी आहे. तुमच्या रोमी वाचणाऱ्या सासष्टीत नागरी पडदा लावून बघा, रांग कोलव्यापर्यंत जाईल.

मडगावकार
रोमीची थट्टा करू नको. माझी आई चर्चमधल्या मिसाचं पुस्तक रोमीत वाचते. तिला तुझ्या मॉलमध्ये एक शब्द तिच्या भाषेतला दिसत नाही. अक्षरं ओळखीची दिसतात, वाचली तर अर्थ लागत नाही. तुला कळायचं नाही ते.

अस्सल म्हापसेकर
आणि तुमची भुरगी कुठल्या माध्यमात शिकतात ते पण सांगा एकदा.

मडगावकार
तुझी सांग पयलीं.

फोंडेकर
आता कुणीतरी गोवा महाराष्ट्रात जावा का यावरचा १९६७ चा जनमत कौल काढा म्हणजे चवथीची खरेदी पूर्ण झाली.

माजी काउंटरवाली
भांडण संपलं असेल तर मी बोलते. चार वर्षं कपड्यांच्या दुकानात बिलं केली. सकाळी डिचोलीहून कदंब बस पकडायची, दहाला उभी राहायची, रात्री शेवटच्या बसच्या भीतीने गल्ला मोजायची. गल्ल्यात कमी आले तर पगारातून. बसायला स्टूल नाही, कारण बसलेली मुलगी आळशी दिसते म्हणे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय कायद्यात घातली, हे मी नोकरी सोडल्यावर वाचलं.

मशीनं आली तेव्हा आम्ही पाचजणी होतो. काढलं कुणालाच नाही. दोघींना ट्रायल रूमबाहेर लोकांनी चुरगाळून टाकलेल्या कपड्यांच्या घड्या करायला लावलं, एकीला मशीनांवर नजर ठेवायला. ती मीच. तुम्ही ज्या "मॅडम, मॅडम" वर चिडलात तिच्यासारखीच. पूर्वी एका वेळी एक गिऱ्हाईक ओरडायचं, मग सहा ओरडायला लागली. पगार तोच. आणि वॉचमनला टिकमार्क करायची सक्ती असते. टॅग बघायला त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

साखळीची सून
तुमच्यावर नाही हो चिडले. बरं, मशीनवर चिडले. तो टॅग घरी काढता येईल का? नवरा पक्कड घेऊन बसलाय.

माजी काउंटरवाली
नको! काहींच्या आत शाईची कुपी असते. फुटली तर कुर्ता गेला. बिल घेऊन जा, काउंटरवर लोहचुंबकाने क्षणात निघतो. एरवी पंचाईत ही की बिल नसलं तर तेच तुम्हाला विचारतील की टॅग लावलेला कुर्ता बाहेर गेलाच कसा.

पर्वरीचो पात्रांव
शनिवारी मी त्याच बाजूला आहे. कुर्ता आणि बिल पाठवा, काढून आणतो. मागच्यांचा वेळ वाचेल.

साखळीची सून
उपकार! माझी मीच जाईन. धाकट्याला घरी ठेवून.

अस्सल म्हापसेकर
आणि पडदा मराठीत नसेल तर तक्रारवहीत लिहून या.

मडगावकार
कोंकणीत लिही.

माजी काउंटरवाली
तक्रारवही नाही तिथे. मशीनवर पाच चेहरे येतात, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. त्यातला एक दाबायचा.