शब्दचर्चा : 'स्वावलंबी' कोणाला म्हणायचं? ('मुलं', 'कार्यशाळा', 'मानधन' यांसह)

मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढ माणसांना नोकरीचं काम शिकवणाऱ्यांसाठी मी एक मराठी पुस्तिका लिहिते आहे. शाळकरी वयासाठी आपल्याकडे शब्द बरेच आहेत. अठरा वर्षं उलटलेल्या माणसाबद्दल लिहायला घेतलं की मात्र दर ओळीला अडायला होतं.

या सगळ्या अवस्थांना मिळून 'विकासात्मक अक्षमता' असा शब्द चालतो. मी तो एका आईला वाक्यात वाचून दाखवला, तर त्यांना ती एखादी सरकारी योजना वाटली. त्यांचं काय चुकलं? विकासकामं, विकास आराखडा, विकासक हेच आपण रोज ऐकतो. वाढीच्या वयातच सुरू झालेली आणि जन्मभर राहणारी अडचण, हा अर्थ त्या शब्दातून पोहोचत नाही. मी सध्या 'वाढीच्या वयापासूनची अक्षमता' असं लिहिलंय. लांबलचक आहे, पण कळतं.

त्याहून अवघड आहे 'स्वावलंबी'. "प्रशिक्षणानंतर व्यक्ती स्वावलंबी व्हावी" हे वाक्य जवळपास प्रत्येक माहितीपत्रकात भेटतं. पण एखाद्याला बसमध्ये बसवून द्यावं लागतं, त्याच्या पैशांचा हिशेब बहीण बघते, आणि तो आठ तास काम करून महिन्याचा पगार घरी आणतो. हा माणूस स्वावलंबी की परावलंबी?

शिवाय 'जॉब कोच'ला काय म्हणायचं? 'कार्य प्रशिक्षक' मला कोरडं वाटतं. कामाच्या जागी शेजारी उभं राहून शिकवणारा आणि हळूहळू बाजूला होणारा माणूस, असा अर्थ हवा आहे.

निवृत्त निदेशिका, पुणे जिल्हा

ताई, आधी 'मुलं' या शब्दाचं बघा. बाकीचे शब्द त्याच्या मागून येतील.

मी 26 वर्षं अशा प्रौढांना काम शिकवणाऱ्या एका केंद्रात निदेशिका होते. "आमच्याकडे चाळीस मुलं आहेत" हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन. त्या चाळिसात सगळ्यात मोठे गृहस्थ 52 वर्षांचे होते, माझ्याहून वयानं मोठे. त्यांना मी "अरे, इकडे ये" म्हणायची आणि नुकत्याच लागलेल्या चोवीस वर्षांच्या शिक्षकाला "सर, तुम्ही". मराठीत 'तू' आणि 'तुम्ही' हे दोन वेगळे दरवाजे आहेत. त्या चाळीस जणांना आम्ही कायम मागच्या दारानं आत घेत होतो. त्यात माया होती, हे खरंच. तरीही ते चूक होतं.

पुढे आम्ही ठरवून दादा, ताई, तुम्ही असं सुरू केलं. काही आईवडिलांना ते परकं वाटलं, "तुम्ही काय म्हणता त्याला, बाळच आहे तो आमचा." आई घरी बाळ म्हणेल, तो तिचा हक्क आहे. कामाच्या जागेची रीत वेगळी असते. हा बदल होऊन महिना-दीड महिना झाला असेल, तेव्हा एका दादांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांना मेणबत्तीच्या कामावर बसायचं नाही, वितळलेल्या मेणाचा वास सहन होत नाही. सहा वर्षं ते मेणबत्त्या करत होते. सहा वर्षांत आम्ही कधी विचारलं नव्हतं, आणि लहान मुलासारखं वागवल्यावर त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं.

आता 'कार्यशाळा', म्हणजे आमच्यासारखं केंद्र. सरकारी कागदात 'विशेष शाळा व कार्यशाळा' असा जोडशब्द आहे, पण बाहेरच्या माणसाला कार्यशाळा म्हणजे दोन दिवसांचं शिबिर वाटतं. "मुलगा कार्यशाळेला जातो" म्हटलं की समोरचा विचारतो, "कसली? किती दिवसांची?" म्हणून पुष्कळ ठिकाणी 'उद्योग केंद्र' म्हणतात. ते मला बरं वाटतं, त्यात उद्योग तरी आहे.

आणि 'कौशल्य' हा शब्द पुस्तिकेत ठेवा, पण शिकवताना 'अंगवळणी पडणं' हाच शब्द बोला. आमच्या शिकवण्याचं सगळं तंत्र त्या एका शब्दात आहे. दिवाळीच्या उटण्याचं उदाहरण देते. पन्नास ग्रॅमचं पाकीट भरायचं. इलेक्ट्रॉनिक काट्यावर 48, 53, 50 असे आकडे नाचतात, आणि आकडे न वाचता येणारा माणूस तिथंच घाबरतो. आम्ही साधी तागडी आणली. एका पारड्यात पन्नासचं वजन, दुसऱ्यात उटणं. काटा सरळ उभा राहिला की थांबायचं. इतकंच. मग काम तोडलं. पाकीट उघडणं, नरसाळं बसवणं, उटणं ओतणं, पाकीट टेबलावर दोनदा आपटून उटणं खाली बसवणं, तोंड दुमडणं, सीलिंग मशीनखाली धरणं. एक दादा फक्त आपटण्याची पायरी विसरायचे, त्यामुळे पाकिटाचं तोंड बंद होत नसे. तेवढ्या एका पायरीवर आम्ही नऊ दिवस घालवले. दहाव्या दिवशी हात आपोआप आपटायला लागला. त्या दिवाळीत त्यांनी भरलेल्या पाकिटांचं वजन कोणी पुन्हा तपासलं नाही.

त्यांना 'मंद' म्हणणाऱ्या माणसाला मी ते टेबल दाखवलं असतं.

एक वडील, डोंबिवली

मॅडमचं सगळं पटलं. शब्दांच्या बाबतीत थोडा इतिहासही लक्षात असू द्यावा.

'मतिमंद' आज बोचतो. पण खुळा, अर्धवट, येडा हे शब्द चालत होते त्या काळात तो सभ्य शब्द म्हणूनच आला. लोकांनी तो शिवीसारखा वापरून झिजवला. मुंबईत जय वकील शाळा 1944 साली सुरू झाली, पुण्यात कामायनी 1964 साली. तेव्हापासून पालकांच्या दोन पिढ्यांनी याच शब्दानं आपलं दुःख सांगितलं आणि संस्थाही उभ्या केल्या. कोल्हापूरच्या चेतना संस्थेच्या नावात 'अपंगमती' आहे. मती अपंग असू शकते, पण माणूस तेवढाच नाही, असं मला त्या शब्दात ऐकू येतं. अपंग व्यक्तींसाठीच्या 1995 च्या कायद्यात 'मेंटल रिटार्डेशन' होतं, 2016 च्या कायद्यानं ते काढून 'बौद्धिक अक्षमता' आणलं. अपंगत्वाचे प्रकारही 7 वरून 21 केले. 'दिव्यांग' 2015 च्या अखेरीस पंतप्रधानांच्या 'मन की बात'मधून आला आणि लगेच सरकारी झाला. माझा मुलगा 31 वर्षांचा आहे. त्याच्यात दिव्य काही नाही, माणसासारखा माणूस आहे, म्हणून मी घरात तो शब्द वापरत नाही. अर्जावर मात्र तोच लिहावा लागतो.

माझा आग्रह इतकाच आहे की पुस्तिकेत सभ्य शब्दाबरोबर उपयोगाचे शब्दही घाला. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी कार्ड), राखीव जागा. 2016 च्या कायद्यानुसार सरकारी नोकरीत 4 टक्के जागा राखीव आहेत. त्यातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून आहे. हे कितीतरी पालकांना माहीतच नसतं.

एक भाऊ, सातारा

जॉब कोचबद्दल. माझा बांधकामाचा धंदा आहे, म्हणून सुचतंय ते सांगतो. स्लॅब टाकला की खाली सेंट्रिंगचे टेकू लावतो. कधी काढायचे हेच खरं कसब आहे. लवकर काढले तर स्लॅब धोक्यात, काढलेच नाहीत तर खोलीत राहायला कोणी येऊ शकत नाही.

माझी धाकटी बहीण एका बेकरीत कामाला आहे, डाउन सिंड्रोम आहे तिला. सुरुवातीला एक बाई रोज तिच्याशेजारी उभ्या राहायच्या. मग दाराशी बसायला लागल्या, मग दिवसाआड यायला लागल्या. आता बेकरीतल्याच एक मावशी अधूनमधून लक्ष ठेवतात, वेगळं कोणी लागत नाही. आमच्या घरात त्या पहिल्या बाईंना 'सोबतवाल्या ताई' असंच म्हणायचो. बघा काही उपयोग होतो का.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, 'सोबत' हा शब्द मिळाला! 'कामसोबती' कसा वाटतो? आपण रात्री-अपरात्री "जरा सोबतीला येतोस का" म्हणतो तेव्हा चालणारा आपणच असतो, वाट आपलीच असते. सोबत करणारा ओझं उचलत नाही आणि रस्ताही ठरवत नाही. जॉब कोचचं काम नेमकं हेच आहे.

एक वाचक, मडगाव

'मानधन' राहिलं, ते कोणीतरी घ्या. थोडी भर माझ्याकडून. 'पगार' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, तिकडे 'पगार' म्हणजे देणं, चुकतं करणं. त्यात उपकार नाही. काम झालं, त्याचे पैसे चुकते केले, व्यवहार संपला.

निवृत्त निदेशिका, पुणे जिल्हा

बरं झालं आठवण केलीत, कारण हा शब्द मला सगळ्यात जास्त टोचतो.

मानधन व्याख्यात्याला देतात, परीक्षकाला देतात. मान म्हणून दिलेली रक्कम, कामाच्या मोलाशी तिचा हिशेब जुळलाच पाहिजे असं नसतं. उद्योग केंद्रात हा शब्द आला तो सोयीसाठी. 'पगार' म्हटलं की किती तास, काय दर, हे प्रश्न येतात. दुसरा शब्द 'विद्यावेतन'. तो शिकणाऱ्याचा असतो. वीस वर्षं तेच काम करणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या बाईंना विद्यावेतन दिलं जात असेल, तर त्यांचं शिकणं कधी संपणार? कायद्यानंही इथं साथ दिलेली नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्यात अपंग कामगारांच्या वेतनाला त्यातून वगळण्याची मुभा सरकारला ठेवलेली होती.

केंद्राची मिळकत कमी असते, सगळ्यांना पुरा पगार देणं जमत नाही, हे मी आतून पाहिलंय. मग थोडा द्या, पण पगार म्हणून द्या, पाकिटावर नाव घाला, तास लिहा. आमच्याकडच्या एका ताई ते पाकीट घरी नेऊन आधी देवापुढे ठेवायच्या, मग वडिलांच्या हातात द्यायच्या. 'खाऊचे पैसे' कोणी देवापुढे ठेवत नाही.

न्यू जर्सीहून एक मराठी वाचक

इकडेही हेच भांडण चालू आहे. 1938 च्या मजुरी कायद्यातल्या एका कलमानं अपंग कामगारांना किमान दरापेक्षा कमी मजुरी देता येते. त्याविरुद्ध अनेक वर्षं चळवळ चालू आहे आणि काही राज्यांनी ही पद्धत बंदही केली आहे.

तुमच्या 'कामसोबती'चं मूळही इथलं आहे. पूर्वी रीत अशी होती की आधी केंद्रात शिकवायचं, तयार झाला की बाहेर पाठवायचं. पण 'तयार झाला' असं कोणी म्हणतच नसे, आणि माणसं तिथंच म्हातारी होत. 1980 च्या दशकात काही जणांनी क्रम उलटा केला, आधी खऱ्या नोकरीवर लावा आणि तिथंच, त्याच टेबलापाशी, सोबत देऊन शिकवा. केंद्रात शिकलेलं हॉटेलच्या स्वयंपाकघरात आठवेलच असं नसतं. भांडी वेगळी, आवाज वेगळा, माणसं वेगळी. याला 'आधारित रोजगार' म्हणू नका, काहीच कळत नाही. 'सोबतीची नोकरी' म्हणा.

एक वडील, डोंबिवली

ताई, स्वावलंबनाचा तुमचा मूळ प्रश्न मागे पडला. अवलंब म्हणजे आधार. 'स्वावलंबी' म्हणजे स्वतःच स्वतःचा आधार, हा अर्थ आपण इतका ताणला की कोणाची मदत घेतली की तो बाद. कर्मवीर अण्णांच्या रयत शिक्षण संस्थेचं ब्रीद आहे, 'स्वावलंबी शिक्षण'. ती पोरं कमवा आणि शिका म्हणत शिकली. वसतिगृह होतं, शिक्षक होते, गावाकडून धान्य यायचं. त्यांना कोणी परावलंबी म्हटलं नाही.

आमच्या मुलासाठी मी 'स्वतंत्र' हा शब्द धरलाय. स्व आणि तंत्र, म्हणजे आपल्या रीतीनं जगणारा. तो पैसे मोजू शकत नाही, पण पगारातून निळाच शर्ट घ्यायचा हे तो ठरवतो. तो निर्णय आम्ही बदलत नाही.

आणखी एक शब्द सोडवून द्या. 'पालक'. 2016 च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे. ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळापुरतं, आणि तेही त्या व्यक्तीबरोबर मिळून. आपल्याकडे आईवडिलांनाही पालकच म्हणतात. त्यामुळे 'मर्यादित पालक' ऐकलं की आईवडिलांचे हक्क कापले असं वाटून लोक घाबरतात. इथं प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो, "आमच्यानंतर कोण?" त्या भीतीत हा शब्द आणखी गोंधळ घालतो.

मूळ प्रश्नकर्ती

काका, तिथं 'निर्णयातली सोबत' लिहिते आणि कायद्याचा शब्द खाली एकदाच देते. 'स्वावलंबी' काढून टाकलाय. त्या जागी प्रत्येक वेळी नेमकं काय जमतं तेच लिहिणार आहे, म्हणजे एकटा बसनं जातो, कपडे स्वतः निवडतो, पगार मोजायला मदत घेतो, असं.

'मुलं'च्या जागी काय, हे मात्र ठरत नव्हतं. 'प्रशिक्षणार्थी' म्हणावं तर निदेशिकाताईंचा विद्यावेतनाचा मुद्दा आडवा येतो. 'लाभार्थी' तर नकोच. म्हणून काल एका उद्योग केंद्रात गेले आणि तिथल्या एका गृहस्थांना सरळ विचारलं, "तुमच्याबद्दल पुस्तकात लिहायचंय, तुम्हाला काय म्हणू?" त्यांनी हातातला खोका खाली ठेवला, चिकटपट्टी नीट बसली का बघितलं, आणि म्हणाले, "मी पॅकिंगला आहे."

आपण सगळे असंच सांगतो की. मी बँकेत आहे, भाऊ एसटीत आहे, वहिनी शाळेवर आहे. पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य आज बदललं : "हे पॅकिंगला आहेत, त्या उटण्याला आहेत, आणि ते नुकतेच बेकरीत लागले."