मॉन्स्टेराची नवीन पानं अख्खीच येतायत, खालची पिवळी पडतायत, आत्ता रिपॉट करू (कुंडी-माती बदलू) का थांबू?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. घरातल्या मॉन्स्टेराचं (मोठ्या, चिरा असलेल्या पानांचा शोभेचा वेल) काहीतरी बिनसलंय. जुन्या पानांना मस्त चिरा आहेत पण आता जी येतायत ती लहान, अख्खी, बदामी आकाराची, आणि दोन पानांमधलं अंतर वाढतच चाललंय, सगळं झाड खिडकीकडे कललंय. खिडकीपासून आठेक फूट आत आहे, जागाच तेवढी.

त्यात खालची पानं पिवळी पडतायत, नुसती कड नाही, अख्खं पान, आणि त्यावर मऊ तपकिरी डाग. वरची माती बोटाला कोरडी लागते म्हणून पाणी घालायला जावं तर काडी तळापर्यंत खुपसली की ओला चिखल चिकटून येतो, वासही कोंदट. सकाळी पानांच्या टोकांना पाण्याचे थेंब लटकलेले असतात, चिकट नाहीयेत, त्यामुळे कीड नसावी असं वाटतंय.

आता घोळ असा की वर एक नवं पान गुंडाळीतून अर्धं बाहेर आलंय. एक जण म्हणतो लगेच रिपॉट कर, दुसरा म्हणतो पान उलगडेपर्यंत मुळांना हात लावू नकोस. कोणाचं ऐकू? आणि ती लोंबणारी हवाई मुळं कापायची का? फवारणी शक्यतो नको, घरात मांजर आहे (पान चावलं तर तोंडाची आग होते म्हणून झाड आधीच तिच्यापासून लांब ठेवलंय).

प्रतिसाद:

दोन वेगळी दुखणी आहेत, एकत्र करू नका. चिरा नाहीत, दांडे लांबलेत म्हणजे उजेड कमी. हा मूळचा दक्षिण मेक्सिको ते पनामाकडच्या जंगलातला वेल, झाडांच्या खोडांवरून उजेडाकडे चढत जातो तशी पानं मोठी आणि चिरलेली होतात. खिडकीच्या जवळ आणा, फक्त दुपारचं थेट ऊन नको, पान भाजतं. आणि जे पान अख्खं उलगडलं त्याला नंतर चिरा पडत नाहीत, पुढच्या पानांवर लक्ष ठेवा. आधाराला काठी किंवा मॉस पोल (शेवाळ गुंडाळलेला खांब) दिला तर बरंच, पण उजेड नसेल तर पोल काही करणार नाही.

थेंबांचं टेन्शन नको, माती ओली असली की रात्री मुळं पाणी वर ढकलतात ते पानाच्या टोकातून बाहेर येतं. पण कोंदट वास येतोय ना, मग पानासाठी थांबू नका. नवं पान थोडं लहान आलं तर येऊ दे, मुळंच गेली तर पान जगणार कशावर? मऊ, काळपट, हात लावताच साल निघणारी मुळं कापून टाका, टणक असतील ती ठेवा. मोठी कुंडी घेऊ नका, मुळांपेक्षा माती जास्त झाली की ती वाळतच नाही. मातीत परलाईट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) आणि नारळाच्या सालीचे तुकडे भरपूर घाला. हवाई मुळं कापू नका, पोचतील ती मातीत वळवा. आणि गुंडाळी हाताने सोडवायला जाऊ नका प्लीज, फाटते.

धागाकर्ता:

धन्यवाद! काढून बघितलं, तळाची मुळं काळी आहेत पण वरची चांगली टणक. कुंडीला खाली एकच भोक आणि तेही मुळांनी गच्च बुजलेलं. आता एकच सांगा, मुळं कापून नव्या मातीत लावल्यावर लगेच पाणी घालायचं का एक-दोन दिवस कोरडंच ठेवायचं?