इंग्लंडच्या कालव्यातील बोट: देखभाल आणि प्रवासाबद्दल माहिती हवी आहे

निपाणीकर:
सर्वांना नमस्कार. बर्मिंगहॅमला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाने कालव्यात राहण्यासाठी ५७ फूट लांबीची जुनी पोलादी बोट घेतली असून सप्टेंबरमध्ये आम्ही उभयता त्याच्यासोबत तिच्यातून वूस्टरपर्यंत जाणार आहोत. दूधगंगेच्या नावेपलीकडे आम्हाला पाण्याचा अनुभव नाही. बोटीचा तळ गंजू नये म्हणून काय करावे, आणि साठी उलटलेल्या माणसांना लॉकचे (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या, दोन्ही टोकांना दारे असलेल्या हौदाचे) काम झेपेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खानापूरकर:
काका, झेपेल, पण घाई नको. तुमच्या वाटेवर ५८ लॉक आहेत आणि त्यांपैकी टार्डेबिग गावाजवळचे ३० सव्वादोन मैलांत एकामागून एक लागतात, म्हणून तो पूर्ण दिवस त्यासाठीच राखून ठेवा. दाराच्या लांब तुळईला पाठ टेकून रेटायचे असते. दोन्हीकडच्या पाण्याची पातळी सारखी होईपर्यंत दार तसूभरही हलत नाही आणि झाली की अलगद सरकते, तेव्हा ताकद न लावता थांबावे.

खरा धोका उंबरठ्याचा आहे. वूस्टरकडे जाताना तुम्ही उतरणार. लॉकमधले पाणी ओसरू लागले की वरच्या दाराखालचा उंबरठा उघडा पडतो आणि बोटीची मागची बाजू त्यावर अडकली तर पुढचे तोंड पाण्यात जाऊन बोट बुडते. मित्राच्या बोटीवर आमचे असेच होणार होते. पाणी सोडायच्या झडपा वेळीच बंद केल्या म्हणून वाचलो. काठावर पांढरी रेघ असते, बोट कायम तिच्या पुढे राहू द्या.

कृष्णाकाठ:
आमचे घर यडूरजवळ, नदीकाठी. लाकडी नावेला उन्हाळ्यात पालथी घालून डांबर लावताना वडील आधी दोन दिवस तिला कडक उन्हात वाळवत, कारण ओलीवर लावलेले डांबर पापुद्र्यांनी सुटते. पोलादाला वेगळी रीत आहे का?

खानापूरकर:
रीत तीच आहे. दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून, शेवाळ व गंज खरवडून, पूर्ण वाळल्यावरच डांबरी लेप देतात. शिवाय तळाला मॅग्नेशियमचे ठोकळे जोडलेले असतात. पोलादाऐवजी ते झिजतात, म्हणून लेप देताना ते किती उरलेत हे पाहून गरज वाटल्यास बदलावेत. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथे रोज संध्याकाळी इंजिन बंद केल्यावर ग्रीसची चावी फिरवावी, नाहीतर थेंबथेंब पाणी आत येत राहते. पंख्यात कापड किंवा प्लास्टिक अडकले तर इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालूनच वरच्या झाकणातून हात घालावा आणि ते झाकण पुन्हा घट्ट बसवावे; ते सैल राहून बोटी बुडालेल्या आहेत. ताशी चार मैलांची मर्यादा असली तरी बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू जावे, कारण लाटेने त्यांचे खुंटे उपटतात.

निपाणीकर:
मनापासून आभार. आधीच्या मालकाने डांबर केव्हा लावले होते ते मुलाला आजच विचारतो. सुकाणू त्याच्याकडे राहील, झडपा मी सांभाळीन आणि पांढऱ्या रेघेवर आमच्या सौभाग्यवती नजर ठेवतील.