माऊस आपोआप पळतो तेव्हा: तुमचे अनुभव सांगा

काल रात्री लेकीचा अकरावीचा फॉर्म भरत होते. पसंतीक्रम लावताना कर्सर टुणकन उडून भलत्याच कॉलेजवर. तीनदा झालं. माऊस पालथा केला, तर लाल दिव्याच्या खाचेत मांजराचा केस! चिमट्याने काढला, कर्सर ताळ्यावर.

आणि बाबा आठवले. २००१ साली शनिवार पेठेत आमचा पहिला कॉम्प्युटर आला, गोळीचा माऊस. दर रविवारी बाबा पेपर पसरून बसायचे. खालची चकती फिरवली की गोळी हातात. आत दोन रूळ, त्यांच्यावर मधोमध मळाचं काळं कडं. बाबा काडेपेटीच्या काडीने ते हळूहळू खरवडत, अख्खं निघालं की मला दाखवत. गोळी धुवायचं काम माझं. जड, राखाडी, रबरी. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. ते कडं कालच पाहिल्यासारखं वाटतंय.

—

किती छान लिहिलंयस गं. आमची गोळी धाकट्याने गोट्या खेळायला नेली होती. वाड्यात सगळ्यांनी मिळून शोधली.

—

आमचा वायरलेस. मोठी फाइल कॉपी करायला घेतली की कर्सर अडखळायचा. सेल बदलले, तापकीर गल्लीतून नवा माऊस आणला, तेच. शेवटी भाच्याने सांगितलं, मामा, यूएसबी ३.० च्या हार्ड डिस्कला खेटून माऊसचा डोंगल (कॉम्प्युटरला खोचायचा तो छोटा रिसीव्हर) लावलाय. ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच येतो, माऊसही तिथेच बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय म्हणे. एक्स्टेंशन वायर लावून डोंगल टेबलावर आणला, त्या दिवसापासून त्रास नाही. नवा माऊस घेण्याआधी हे करून बघाच.

—

तापकीर गल्लीत गाडी कुठे लावता हो?

—

गाडी नेऊच नका. मेट्रोने मंडईला उतरा आणि चालत जा.

—

माझा एका क्लिकला दोनदा उघडायचा. फाइल ओढताना मध्येच सुटून दुसऱ्याच फोल्डरात. मार्चएंड, क्लायंटची बिलं, रात्रीचे अकरा. रडू आलं होतं. सेटिंग बदलून काहीही होत नाही, बटणाखालच्या मायक्रोस्विचची पत्री थकते. नवऱ्याने सोल्डर करून स्विच बदलला, दोन वर्षं झाली, मस्त चालतोय. (कुकर लावलाय, बाकीचं नंतर)

—

मार्चएंडला हे म्हणजे फारच वाईट. काळजी घे गं.

—

आईकडे काचेचं टेबल. काचेवर प्रकाश आरपार जातो, माऊसला धरायला खालचं पोतच दिसत नाही. जुना दिवाळी अंक खाली ठेवला, झालं. आई आता त्यावरच माऊस फिरवते आणि मधेच अंक वाचत बसते.

—

आमच्याकडे जुना वायरलेस खणात चालूच राहिला होता, डोंगल मागे लावलेला. वर वह्यांचा गठ्ठा. खण उघडझाप केला की स्क्रीनवर आपोआप क्लिक! सासूबाई घाबरून खोलीत जाईनात. चार दिवसांनी सापडला.

—

बाई गं! मी आत्ताच उठून आमचे खण बघून आले.

—

धागाकर्ती, फॉर्म गेला का शेवटी? आमचाही यंदा अकरावीलाच.

—

गेला हो, सकाळी सहाला. पहिलं घराजवळचंच लावलंय, बस बदलायला नको. तुमचं?