कोविडनंतर बाबा घरी आलेत पण भ्रम जात नाहीये, मेंदूवर परिणाम झालाय का?

माणगंगा:
नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा सांगा. बाबा वय ६८, एसटीत कंडक्टर होते, रिटायर झालेत. २०२१ च्या एप्रिलमध्ये पॉझिटिव्ह आले, छातीच्या स्कॅनचा (एचआरसीटी) स्कोर १७, बेड मिळेपर्यंत ऑक्सिजन ८२ वर आलेला. आयसीयूत बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन लावलं, व्हेंटिलेटरपर्यंत गेलं नाही हे नशीबच. आम्हाला वर सोडतच नव्हते, खाली पार्किंगमध्येच बसून असायचो. मग एकदा सिस्टरचा फोन आला की तुमचे पेशंट रात्री उठून बसतात, मास्क ओढून काढतात आणि बोटांनी हवेत तिकिटं फाडतात, "कोण राहिलंय का तिकिटाचं" म्हणून ओरडतात, शेवटी हात पट्टीने बांधावे लागले. दुपारी फोनवर बोलले तर एकदम व्यवस्थित, म्हैस व्याली का विचारलं.
आता घरी आलेत, ऑक्सिजन ९६ असतो पण रात्री झोप नाही, मध्येच छतावर मुंग्या दिसतात म्हणतात, आणि ज्या माणसाने आयुष्यभर सुट्ट्या पैशांचा हिशोब तोंडी केला त्याला पाचशेतून दुधाचे पैसे वजा करता येईनात. गावात म्हणतात व्हायरस मेंदूत गेला. एमआरआय काढू का? मेहुणे म्हणतात झोपेची गोळी दे.

नाइटड्युटी:
मी आयसीयूत काम करतो. तुमच्या बाबांना न तपासता निदान करत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते डिलिरियमचं, म्हणजे आजारपणात अचानक होणाऱ्या भ्रमाचं, अगदी ठरलेलं चित्र आहे, रात्री वाढतं, दिवसा माणूस शुद्धीवर असतो, आणि ज्याचा जो धंदा तो हात करत राहतात, आमच्याकडे एक शिंपीकाका चादरीला टाके घालत बसायचे.
पहिल्या लाटेत १४ देशांतल्या आयसीयूंमधल्या २०८८ कोविड पेशंट्सचा अभ्यास झाला, त्यात ५५ टक्क्यांना डिलिरियम झाला होता. त्यात मिडाझोलामच्या जातीची झोपेची औषधं ज्यांना दिली त्यांच्यात धोका जास्त निघाला आणि ज्यांना घरची माणसं भेटली, अगदी व्हिडिओ कॉलवर का होईना, त्यांच्यात कमी. आता आपल्याकडे काय होतं बघा, नातेवाईक बंद, खिडकी नाही, चोवीस तास ट्यूबलाइट, सगळे पीपीईत त्यामुळे एकाचाही चेहरा दिसत नाही, बाजूच्या बेडवर काय चाललंय ते दिसतं, त्यात ताप, कमी ऑक्सिजन आणि वर स्टिरॉइड, जे धडधाकट माणसाचीही झोप उडवतं. मला विचाराल तर फोन आत नेऊ द्यायला हवे होते, पण माझ्या हातात नव्हतं.
व्हायरस मेंदूत गेला याबद्दल, अमेरिकेत अविंद्र नाथ यांच्या टीमने दगावलेल्या पेशंट्सचे मेंदू तपासले, त्यात बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या, गळक्या झालेल्या दिसल्या पण व्हायरस सापडला नाही. म्हणजे इजा होते, पण बरीचशी सूज आणि रक्तवाहिन्यांमुळे.
झोपेची गोळी स्वतःच्या मनाने अजिबात नको, उलट वाढेल. एमआरआयचं डॉक्टरांना ठरवू द्या. पण एका बाजूची ताकद गेली, बोलणं अडखळलं, फिट आली, किंवा चेहऱ्याची एकच बाजू दुखून सुजली, डोळा लाल झाला, तर थांबू नका, लगेच हॉस्पिटल. शेवटची दोन लक्षणं म्युकरची, म्हणजे काळ्या बुरशीची असू शकतात. स्टिरॉइड झालंय तर शुगर रोज बघा.

खडूस_काका:
यात करोनाचं विशेष काही नाही. आमच्या मातोश्री खुब्याच्या ऑपरेशननंतर अशाच वातात बरळायच्या, वारलेल्या बहिणीला चहा द्या म्हणायच्या. वय झालं की होतं. उगाच सगळं करोनाच्या नावावर टाकायचं.

आकडेमोड:
काका, निम्मं बरोबर. डिलिरियम जुनाच आहे, पण कोविडमध्ये फार दिसला. वुहानच्या सुरुवातीच्या २१४ पेशंट्सपैकी ७८ जणांना मेंदू, नसा, स्नायू यांचा काही ना काही त्रास होता, अर्थात त्यात चक्कर, डोकेदुखी, वास जाणं सगळं धरलंय, म्हणून आकडा ऐकून घाबरायचं नाही. माणगंगा, तुमच्या हिशोबाच्या प्रश्नाला जवळचं म्हणजे फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गचं, तिथे आयसीयूतल्या ५८ जणांत ४० जण प्रचंड अस्वस्थ होते आणि सुटी मिळालेल्या ४५ पैकी १५ जणांना लक्ष न लागणं, गोंधळणं, सांगितलेलं नीट न जमणं असा त्रास राहिला होता. म्हणजे तुमचे बाबा काही जगावेगळे नाहीत. मात्र त्यातल्या किती जणांचा त्रास पुढे राहिला हे त्या आकड्यांत नाही.

फिजिओ_ताई:
पायांकडे पण बघा हो कोणीतरी. खूप दिवस झोपून राहिलेल्यांच्या नसा दबतात, चवडा वर उचलत नाही, चालताना एकाच पायातली चप्पल निसटते आणि घरचे म्हणतात अशक्तपणा आहे. तसं असेल तर लवकर दाखवा. आणि दिवसा खाटेवर झोपू देऊ नका, अंगणात उन्हात बसवा, समोर घड्याळ आणि मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर, दिवसातून चार वेळा सहज बोलता बोलता वार सांगा, परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका, चिडतात. एक विचारायचं राहिलं, चष्मा किंवा कानाचं मशीन आहे का त्यांना? हॉस्पिटलमधून परत मिळालं का?

माणगंगा:
सगळ्यांचे आभार. गोळी नाही दिली. शुगर बघितली तर २९० निघाली, त्यांना आधी डायबेटिस नव्हता, डॉक्टरांना फोन केलाय, उद्या बोलावलंय. चप्पल उजव्या पायातली निसटते खरी, तेही दाखवतो. आणि ताई, चष्मा वॉर्ड बदलताना तिकडेच गेला, आमच्या कुणाच्या लक्षातच नाही आलं, इतके दिवस ते चष्म्याशिवायच छत बघतायत. उद्याच नंबर काढून आणतो.