पोर बिघडतं, की तसलंच येतं?

टिळकवाडीकर
आमच्या गल्लीत मराठी नि कन्नड घरं भिंतीला भिंत लावून. पोरं एकत्र खेळतात, शिव्या दोन्ही भाषांतल्या देतात, कुणाचं काही अडत नाही. मग १ नोव्हेंबर येतो. १९५६ साली याच तारखेला आपण बेळगावकर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो, म्हणून एका घरात काळा दिवस, शेजारी लाल-पिवळा झेंडा. यंदा सात वर्षांच्या पोरानं रोजच्या गड्याला तोंडावर सुनावलं, "तू आमच्यातला नव्हंस." हे काय तो पोटातून शिकून आला? तत्त्वज्ञ रूसोनं १७५५ साली मांडलं तेच मला पटतं. माणूस मुळात भला, समाज त्याला नासवतो.

खानापूरची अंगणवाडीताई
दादा, त्या रूसोनं स्वतःची पाचही पोरं अनाथालयात टाकली. एक जरी सांभाळलं असतं तर हे लिहायला हात धजला नसता! माझ्याकडं या आणि लाडू वाटताना बघा. परवा तीन वर्षांच्या पोरीनं आपला शेंगदाण्याचा लाडू फ्रॉकखाली दडवला आणि दुसरा हात पुढं केला, "मला मिळालाच नाही." डोळ्यांत पाणी, तेही खरंखुरं. कुणी शिकवलं हो तिला? वळण लावावं लागतं, आपोआप काही होत नाही.

निपाणीकर
ताईंना जोड. गट पाडायला १ नोव्हेंबरही लागत नाही. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेलनं १९७० च्या सुमारास इंग्लंडात ब्रिस्टलमधल्या १४-१५ वर्षांच्या मुलांचे गट पाडले. सांगायला कारण एवढंच, की तुला या चित्रकाराची चित्रं आवडली नि त्याला त्या. मग पैसे वाटायला दिले, स्वतःसाठी नव्हे, इतरांसाठी. पोरांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आपल्याला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण समोरच्यापेक्षा जास्त पाहिजे, असंही बऱ्याचदा केलं. तिथं ना भाषा, ना सीमाप्रश्न.

टिळकवाडीकर
चौदा वर्षांचा पोरगा म्हणजे समाजात मुरलेलाच की! तान्ह्यांचं बोला. २००७ साली येल विद्यापीठात सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांना खेळ दाखवला. एक लाकडी ठोकळा टेकडी चढतोय, दुसरा त्याला वर ढकलतो, तिसरा खाली लोटतो. बहुतेक बाळांनी मदत करणाऱ्यालाच हात घातला.

निपाणीकर
तोच प्रयोग पुढं अनेक प्रयोगशाळांनी मिळून हजारावर बाळांवर केला, निकाल २०२४ मध्ये आला. निम्मी इकडं, निम्मी तिकडं.

अथणीची सून
पोरांवर किती वेळ अडकणार? माझ्या माहेरी आजीच्या पिढीत पोरीच्या केसांत जट झाली की तिला सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडायचे, देवदासी करायचे. गळ्यात लाल-पांढरे मणी बांधायचे. पुढं त्या पोरीचं काय व्हायचं हे गावाला ठाऊक, तिच्या आईलाही ठाऊक. त्या आयांना माया नव्हती म्हणता? होती, पण रीत मायेला भारी पडली. आणि ताई, ते वळणच होतं हो, गावानं नीट लावलेलं. कर्नाटकात १९८२ साली बंदीचा कायदा झाला. तो ज्यांनी लावून धरला त्यांना हे कुणी शिकवलं? रीत तर उलटंच शिकवत होती.

खानापूरची अंगणवाडीताई
शिकवलं की. बसवण्णांनी बाराव्या शतकातच जातीची उतरंड नाकारली, बायकांना बरोबरीनं बसवलं. तेही समाजाचंच देणं.

अथणीची सून
होय, आणि बसवण्णांना मानणाऱ्या याच मुलखात विसाव्या शतकापर्यंत मणी बांधले जातच होते. बांधले कुणाला, तर बहुतेक दलितांच्या पोरींना. वरच्या आळीतल्या पोरींच्या केसांत जट होतच नव्हती काय? म्हणून मी टिळकवाडीकरांच्या बाजूची, पण रूसोमुळं नव्हे. 'माणसाचा स्वभावच असा' म्हटलं की ज्यांची त्यात सोय होती ते सुटतात.